डिस्क तीच, डबा नवा

पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं निदान सगळीकडे एकच: फॉरमॅट मारावा लागेल. मशीन हळू चालतं, फॉरमॅट. प्रिंटर रुसला, फॉरमॅट. मदरबोर्ड जळाला तर नवा डबा आणि वर फॉरमॅट. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नसतो, कारण त्याच्या मते त्यात जाण्यासारखं काही नसतंच. "डेटा काढून देतो ना," असं तो वर म्हणतो.

गिऱ्हाइकाचं डेटावर भागत नाही. त्याला सगळंच्या सगळं हवं असतं: डेस्कटॉपच्या कोपऱ्यातलं 'न्यू फोल्डर (७)', ब्राउझरने लक्षात ठेवलेले आणि माणसाने विसरलेले पासवर्ड, टॅलीची मांडणी, आणि प्रिंटरचं ते एक सेटिंग, जे कुणीतरी पूर्वी कधी करून गेला आणि पुन्हा भेटला नाही. मग तो हळूच विचारतो, "ही हार्डडिस्क आहे तशी उचलून नव्या मशीनला लावली तर?"

"तसं चालत नाही, काका."

का चालत नाही हे दुकानदार सांगत नाही. कधी कधी चालतं, हे तर मुळीच सांगत नाही.

हा प्रश्न सर्वांत हट्टाने विचारला जातो तो डीटीपीच्या दुकानांत. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि दिवाळी अंक जिथे जुळतात, तिथे मालकाखेरीज कुणी हात लावायचा नाही असं एक जुनं मशीन हटकून सापडतं. त्यात विंडोज एक्सपी असतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. पण ही खबर त्या मशीनपर्यंत पोचलेली नसते, कारण त्याला इंटरनेटच दिलेलं नसतं. एक्सपीवर पेजमेकर ७. ते २००१ साली आलं आणि आपल्या वंशातलं शेवटचं ठरलं. अडोबीने पुढे सगळं लक्ष इनडिझाइनकडे वळवलं. जोडीला श्रीलिपी किंवा तसंच एखादं मराठी फॉन्टचं पॅकेज.

युनिकोडपूर्वीच्या या फॉन्टांची खुबी अशी, की रोमन अक्षरांच्या जागी त्यांनी मराठी अक्षरं बसवलेली असतात. फॉन्ट आहे तोवर मजकूर 'आमची ज्येष्ठ कन्या' असा दिसतो. फॉन्ट गेला की त्याच ओळीत उद्गारचिन्हं, महिरपी कंस आणि डोक्यावर टोपी घातलेली युरोपीय अक्षरं अवतरतात, आणि वधूच्या बापाला त्यात आपली मुलगी ओळखू येत नाही. शिवाय त्या काळची अशी पॅकेजं बऱ्याचदा डोंगलसकट यायची. प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टात खोचायचा एक ठोकळा. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. नव्या मदरबोर्डला ते पोर्टच नसतं. "सगळं नव्याने टाकून देतो," म्हणणाऱ्या पोराला मालक शांतपणे विचारतात, "सीडी आहे का तुझ्याकडे? आणि हा ठोकळा कुठे लावणार?" पोरगा दोन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून चहा मागवतो.

अखेर डिस्क उचलून लावायचं ठरतं. बटण दाबलं जातं, विंडोजचं निशाण येतं, खालची पट्टी एकदा-दोनदा सरकते आणि पडदा निळा होतो. त्यावर इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं असतं, पण जाणकार फक्त त्यातल्या एरर कोडची शेवटची दोन अक्षरं वाचतात: सेव्हन बी. पूर्ण नाव 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

खरा विनोद या पडद्याच्या मागे घडलेला असतो. मशीन सुरू होताना डिस्क वाचायचं पहिलं काम बायोसचं. बायोस नव्या मदरबोर्डवरचाच, त्यामुळे डिस्क कुठे आणि कशी जोडलीय हे त्याला पक्कं ठाऊक. तो विंडोजचा गाभा आणि सुरुवातीला लागणारे मोजके ड्रायव्हर मेमरीत आणून द्यायला मदत करतो. गाभा जागा होतो आणि आधी बायोसलाच बाजूला सारतो: इथून पुढे डिस्कशी मी स्वतः बोलणार. बोलायला म्हणून तो जुन्या मदरबोर्डच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर पुढे करतो. नव्या बोर्डावरचा कंट्रोलर निराळा, त्याच्याकडून उत्तर येत नाही. मग विंडोज गंभीरपणे जाहीर करतं की ज्या डिस्कवरून मी सुरू व्हायचं ती डिस्कच सापडत नाही. काही सेकंदांपूर्वी ते त्याच डिस्कवरून उठून आलेलं असतं.

त्यावर कडी म्हणजे, योग्य ड्रायव्हर पुष्कळदा त्याच डिस्कवर झोपलेला असतो. विंडोज ७ ची गोष्ट घ्या. बसवताना ज्या ड्रायव्हरांची आपल्याला सुरुवातीला गरज नाही असं त्याला वाटे, ते ड्रायव्हर ते बंद करून ठेवी. जुन्या आयडीई पद्धतीच्या मशीनवर बसवलेलं विंडोज ७ एएचसीआय पद्धतीच्या मशीनला लावलं की निळा पडदा ठरलेला. उपाय काय? रजिस्ट्रीत 'एमएसएएचसीआय' या नोंदीखाली 'स्टार्ट'पुढे ३ लिहिलेला असतो, त्याच्या जागी ० करायचा. बस्स. हा तोडगा खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवला होता. या एका आकड्यापायी किती मशीनं फॉरमॅट झाली ते कुणी मोजलं नाही, आणि ते दुकानदारांच्या पथ्यावरच पडलं.

एक्सपीला नवा ड्रायव्हर खायला घालण्याची अधिकृत सोय होती, पण ती बनवणाऱ्याला विनोदाचं अंग असावं. सीडीवरून सुरू केलं की पडद्याच्या तळाशी काही क्षण एक ओळ यायची: एफ-सिक्स दाबा. वेळेत दाबलं तर एक्सपी ड्रायव्हरची फ्लॉपी मागायचं. फ्लॉपीच, पेन ड्राइव्ह सांगून चालायचं नाही. आता ज्या मशीनला असला ड्रायव्हर लागायचा ते नवंकोरं असायचं, म्हणून त्याला फ्लॉपी ड्राइव्ह नसायचा. आणि ज्याला फ्लॉपी ड्राइव्ह होता त्याला त्या ड्रायव्हरची गरज नव्हती. हीच जातकुळी २०१५ साली पुन्हा दिसली. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या मशीनवर विंडोज ७ टाकायला घेतलं की 'नेक्स्ट'चं बटण समोर यायचं, पण यूएसबीचा माउस आणि यूएसबीचा कीबोर्ड दोघेही ठप्प. 'नेक्स्ट' दिसतंय आणि दाबायला काही नाही, अशा अवस्थेत अनेक इंजिनिअर पडद्याकडे बघत बसले.

बरं, डिस्क सापडली म्हणजे सुटलो असंही नाही. एक्सपी बसताना मशीनचा एकूण स्वभाव बघून एचएएल नावाची एक फाइल निवडायचं. तिचे बरेच प्रकार होते आणि एकदा निवडला तो कायमचा. चुकीच्या प्रकाराशी गाठ पडली की मशीन काळ्या पडद्यावर समाधी लावी. व्हिस्टापासून ही कटकट बरीच कमी झाली, पण व्हिस्टा वापरून बघायचा धीर फार थोड्यांना झाला.

त्यातून प्रोसेसर इंटेलचा बदलून एएमडीचा घेतला असेल तर आणखी एक गंमत. ही केवळ गल्लीतल्या पोरांची गोष्ट नाही, मोठमोठ्या कंपन्याही यात सापडल्या आहेत. मे २००८ मध्ये एक्सपीचा तिसरा सर्व्हिस पॅक आला आणि काही एएमडी मशीनं चालू होऊन बंद, बंद होऊन चालू अशी फेऱ्या मारत सुटली. शोध घेतल्यावर निघालं ते असं: बनवणाऱ्यांनी इंटेलच्या मशीनवर एक विंडोज तयार करून तेच एएमडीच्या मशीनांवर उतरवलं होतं. त्यात 'इंटेलपीपीएम' नावाचा इंटेलच्या वीजबचतीचा ड्रायव्हर तसाच राहिला. इतके दिवस तो निपचित पडून होता, सर्व्हिस पॅकने त्याला उठवलं. म्हणजे कारखान्याने जे केलं तेच तपकीर गल्लीतला पोरगा करतो. फरक इतकाच की त्याला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं तोंड बघावं लागतं.

विंडोज ९८ या बाबतीत बरंच सैल होतं. त्याची डिस्क परक्या मशीनला लावली तर ते बहुधा उठायचं, आणि मग 'नवीन हार्डवेअर सापडलं' अशा चौकटींची वरात निघायची. साउंड कार्ड सापडलं, मॉडेम सापडला, एवढंच काय, पीसीआय बसही सापडली! प्रत्येक चौकट विंडोज ९८ ची सीडी मागायची आणि सीडीचा ड्राइव्ह अजून सापडायचा असायचा. अर्थात नव्या हार्डवेअरचं आणि त्याचं फार सख्य होतं अशातला भाग नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स मेळ्यात बिल गेट्स यांच्यासमोर, भरल्या सभेत, या विंडोजला नुसता एक स्कॅनर जोडला तर पडदा निळा झाला. तिथे अख्खा मदरबोर्ड बदलणाऱ्या सामान्य माणसाने तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

एक्सपीने तांत्रिक अडथळ्यांवर कायद्याचाही एक चढवला: ॲक्टिव्हेशन. मशीनमधल्या दहा गोष्टींची ते नोंद ठेवायचं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, डिस्प्ले कार्ड वगैरे. पुढे काही बदललं की चक्क मतदान व्हायचं. जुन्यापैकी जी वस्तू अजून जागेवर आहे तिचं एक मत. नेटवर्क कार्ड जुनंच असेल तर त्याची एकट्याची तीन मतं. सात मतं पडली तर मशीन तेच. कमी पडली तर हे मशीन परकं, मग चला फोनकडे. फोनवर पन्नासेक आकडे सहासहाच्या गटांनी वाचून दाखवायचे, आणि पलीकडून सांगितलेले ४२ आकडे लिहून घ्यायचे. मधूनच विचारलं जायचं, हे विंडोज किती मशीनांवर टाकलंय? "एकाच," असं ठणकावून सांगताना खरं बोलणाऱ्याचाही आवाज कापायचा.

आणि हा सगळा छळ कुणाला? ज्याने पैसे मोजून विंडोज घेतलं त्याला. मोठ्या कंपन्यांसाठीच्या एक्सपीला ॲक्टिव्हेशन लागत नसे, आणि त्याची एक किल्ली सुरुवातीलाच फुटून जगभर फिरली. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने तिला अडवलं खरं. पण सर्व्हिस पॅक टाकायची सक्ती कुठे होती? तिच्यावर चालणारं चोरीचं विंडोज कुठल्याही डब्यात गेलं तरी तक्रार करत नसे. मशीनसोबत आलेल्या अस्सल विंडोजचं लायसन मात्र त्या मशीनलाच चिकटलेलं. मशीन गेलं की तेही गेलं. प्रामाणिकपणाची एवढी चोख शिक्षा देणारी दुसरी व्यवस्था शोधायची तर सरकारी कचेरीतच जावं लागेल.

एकाच्या डिस्कवरून दुसऱ्याची डिस्क करणाऱ्यांचा मूळपुरुष न्यूझीलंडचा. ऑकलंडच्या मरे हझार्ड यांनी १९९५ च्या सुमारास 'घोस्ट' हा प्रोग्राम लिहिला, १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला, आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेंत व कॉम्प्युटर क्लासांत एक मशीन नीट तयार करून उरलेल्यांवर 'घोस्ट मारायची' पद्धत रुजली. मशीनं एकाच खेपेची असली की काम फत्ते. मधलंच एखादं निराळं निघालं की सेव्हन बी.

घोस्ट मारलेल्या मशीनांचा आतला ओळखक्रमांक, एसआयडी, एकच राहतो. ही मोठी भानगड आहे असं सगळे मानत. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सने तर हा क्रमांक बदलायला 'न्यूएसआयडी' नावाचं साधनच काढलं, आणि जगभरच्या सिस्टिमवाल्यांनी ते वर्षानुवर्षं श्रद्धेने चालवलं. मग नोव्हेंबर २००९ मध्ये रुसिनोविच यांनी जाहीर केलं की विचारांती त्यांना यात काही धोकाच दिसत नाही. दोन मशीनांचा क्रमांक एक असला तरी बिघडत नाही. त्यांनी साधन बंद केलं. सिस्टिमवाले हळहळले, मग सुखावले, मग निर्धास्तपणे क्लोन करू लागले. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अपडेटांनंतर नव्या विंडोज ११ ने हा क्रमांक खरोखरच तपासायला घेतला, आणि जुळ्या मशीनांना एकमेकांच्या शेअर फोल्डरात प्रवेश बंद झाला. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं तेच: क्लोन करण्याआधी आमचं सिसप्रेप हे साधन चालवा, हे आम्ही पहिल्यापासून सांगत होतो. तेही खरंच होतं.

लिनक्सवाल्यांना असल्या लेखात आणलं नाही तर ते स्वतःहून येतात. त्यांचं म्हणणं, डिस्क काढा, कुठल्याही डब्यात टाका, चालते. बव्हंशी ते खरं आहे. लिनक्सच्या गाभ्यासोबत ड्रायव्हरांचा मोठा ताफा येतो आणि दर वेळी सुरू होताना तो समोर काय आहे ते नव्याने बघतो. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने तर २००० सालापासून एकाच सीडीवरून समोर येईल ते मशीन चालू करून दाखवलं. हे सांगताना लिनक्सवाला जरा मान वर करतो, आणि नेमकी तेव्हाच एनव्हिडियाच्या ड्रायव्हरपायी स्क्रीन काळी होते. किंवा नेटवर्कचं कार्ड बदलतं. मधल्या काही वर्षांत लिनक्स जुन्या कार्डाचा क्रमांक एका फाइलीत जपून ठेवायचं. 'ईटीएच शून्य' ही जागा त्या गेलेल्या कार्डासाठी राखीव, नवं कार्ड आपोआप 'ईटीएच एक'. सगळं सेटिंग शून्यावर. सर्व्हर ठणठणीत चालू, आणि जगातून कुणालाही तो दिसत नाही. मॅकवाल्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. त्यांचं मशीन एकाच कंपनीचं, आणि खर्चही एकदाच, पण भरपूर.

विंडोज १० आल्यापासून मात्र दुकानदाराच्या 'चालत नाही'मधला दम गेला आहे. डिस्क नव्या डब्यात लावली की 'डिव्हाइसेस तयार करत आहे' असं म्हणत ते काही मिनिटं घालवतं, एक-दोनदा रिस्टार्ट होतं आणि डेस्कटॉप समोर हजर करतं, 'न्यू फोल्डर (७)'सकट. अडलंच तर जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची आणि नवा डबा फक्त यूईएफआय जाणणारा, इथे अडतं; त्यालाही २०१७ पासून विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून लपलेली उपकरणं दाखवायला सांगावीत. जुनी साउंड चिप, जुनं डिस्प्ले कार्ड, कधीकाळी लावलेले सगळे पेन ड्राइव्ह फिकट अक्षरांत तिथे बसलेले असतात. परभणीहून बदली होऊन आलेला साहेब साताऱ्याच्या खुर्चीत बसूनही वर्षभर परभणीचेच शिपाई नावाने आठवतो, तसं विंडोजचं चालतं. त्याने कामात काही अडत नाही.

पेजमेकरवाल्या मालकांसाठी यातलं काही उपयोगाचं नाही. एक्सपी आजच्या मशीनवर सुखाने नांदणं कठीणच. त्यांना लाभतो तो तोडगा सर्वांत मजेशीर आहे. जुनं मशीन धापा टाकत का होईना चालू असेल, तर सिसइंटर्नल्सच्याच डिस्क-टू-व्हीएचडीने अख्खी डिस्क एका फाइलीत उतरवायची आणि व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये ती सुरू करायची. तिथेही पहिल्यांदा सेव्हन बी येऊ शकतो, आणि त्यालाही रजिस्ट्रीतल्या नोंदींचा उतारा आहे. एकदा उठलं की एक्सपीला समोर दिसतो इंटेलचा १९९६ सालचा ४४०एफएक्स चिपसेट. व्हीएमवेअरमध्ये १९९८ चा ४४०बीएक्स. सोळा कोरचा प्रोसेसर आणि एनव्हीएमई डिस्क असलेलं मशीन एका खिडकीपुरतं, पेजमेकरच्या भल्यासाठी, आपण १९९६ सालचे आहोत असं खोटं बोलत असतं. डोंगल यूएसबीचा असेल तर तोही आत पोचवता येतो. २५ पिनांचा असेल तर जुना डबा विकू नये.

आज खरी मेख डिस्क सापडण्यात नाही, उघडण्यात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सांभाळ संपला, त्यामुळे नवी मशीनं घराघरांत येताहेत. अलीकडचं विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने बसवलं की पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बिटलॉकर नावाच्या या कुलपाचा दुवा मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा-चिपशी असतो. मदरबोर्ड जळाला आणि डिस्क दुसऱ्या डब्यात गेली की निळ्याच पडद्यावर, पण फार नम्रपणे, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. आपण बिटलॉकर कधी लावलाच नाही, असं गिऱ्हाईक शपथेवर सांगतं आणि ते खरंही असतं. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. खात्याचा पासवर्ड ब्राउझरला माहीत असतो. आणि ब्राउझर त्या डिस्कवर असतो. इथे मात्र दुकानदाराचं निदान बरोबर ठरतं: फॉरमॅट. डेटा काढून देतो, हेसुद्धा तो या वेळी म्हणत नाही. तेव्हा मशीन धडधाकट चालू असताना, आजच, ते ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवा, आणि तो कागद कुठे ठेवलाय ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगा.